वीस नग आणि एक नळ

ज्ञानाच्या दारात शिरण्याआधी माणसाने हात शुद्ध करून घ्यावेत, असं थोर लोक सांगून गेले आहेत. दारव्ह्यात हा आचार आमच्या डोळ्यांदेखत पंधराएक वर्षं पाळला गेला. तहसील कचेरीतल्या साहेबांपासून तांड्यावरून येणाऱ्या मुलींपर्यंत कुणाचीही त्यातून सुटका नव्हती. उंबऱ्याशी एक नळ होता आणि त्याला हात लावल्याशिवाय आत प्रवेश नव्हता. त्या नळाला पाणी येत नसे, ही गोष्ट वेगळी.

नळ 'उजेड टंकलेखन संस्थे'चा आणि संस्था मेश्राम मॅडमची. बाजारओळीच्या टोकाला दोन खोल्या, वर पत्रे, पुढे रस्ता, आणि रस्त्याच्या पलीकडे सार्वजनिक वाचनालय, जिथे मी ग्रंथपाल होतो. टाइपरायटरांचे दिवस सरत आले तेव्हा मॅडमनी पाटीवर 'व संगणक' हे शब्द स्वतःच्या हाताने रंगवले. जागा पुरली नाही. शेवटचा 'क' पाटीवर मावला नाही, तो भिंतीवर गेला. पुढे पाटी वाऱ्याने पडली तेव्हा भिंतीवर नुसता 'क' उरला होता, आणि लोक तरीही बरोबर तिथेच येत.

नळाचं कारण धार्मिक नव्हतं. आमच्याकडचा उन्हाळा कोरडा. अंगावर नायलॉनची साडी नाहीतर टेरिकॉटचा शर्ट असला की चालताबोलता अंगात वीज साठते. दाराची कडी धरताना बोटाला चटका बसतो तो तिचाच. माणसाला चटक्यापलीकडे काही होत नाही, पण संगणकाच्या आतली चिप तेवढ्यानेही मरते. लोखंडी नळ धरला की ती वीज पाइपातून जमिनीत उतरते, असं मॅडमचं शास्त्र होतं.

"पानी नाई आलं तरी चालते," त्या सांगायच्या. "पाइप जमिनीत गेला पाह्यजे, बस. घरमालकानं सांगतलं, थेट मेन लाइनले जोडेल हाय."

गावातले एक प्रतिष्ठित गृहस्थ आपल्या सुनेचं नाव घालायला आले तेव्हा उंबऱ्यावर अडखळले. हात पुढे करावा की नाही, हे त्यांना ठरवता येईना. मॅडम हातातलं काम न सोडता म्हणाल्या, "लावा जी हात. आमच्या आजीले केळापूरकडच्या तिच्या गावात चौकातल्या नळाले हात लावू देत नव्हते. इथं समद्याईले लावा लागते." हे त्यांनी कागदाच्या रिमाचा भाव सांगावा तशा आवाजात सांगितलं. गृहस्थांनी हात लावला. सून पुढे उत्तम टायपिंग शिकली.

मॅडम ठेंगण्या होत्या. चष्म्याची एक काडी रबराने बांधलेली, आणि अंबाड्यात कायम दोन आकडे जास्तीचे. त्या आकड्यांनी त्या खोकी फोडत, अडकलेली सीडी बाहेर काढत, कीबोर्डमधला कचरा उकरत. दहा मुली टाइप करत असताना त्या पाठमोऱ्या बसून नुसत्या आवाजावरून ओळखत, की तिसऱ्या खुर्चीवरची डाव्या करंगळीची कामं उजव्या बोटाने उरकते आहे. फिरती खुर्ची त्यांना देणगीत मिळाली होती. तीवर त्या कधी बसल्या नाहीत. "आपन फिरलो तर मशीन कोन पाह्यन?" असं त्यांचं म्हणणं. खुर्चीवर शाईच्या बाटल्या असत.

त्यांच्या संस्थेत एका शब्दाला बंदी होती. तो शब्द म्हणजे 'असन', आपलं पुस्तकी 'असेल'. प्लग लावला का, या प्रश्नाला कुणी "लावला असन" म्हटलं की मॅडम चष्मा कपाळावर ढकलत. "असन नाई चालत. हाय का नाई, ते पाह्य." मी भरपूर वाचलेला माणूस. मोठमोठ्या विचारवंतांनी शेकडो पानं खर्चून हाच मुद्दा मांडल्याचं मला ठाऊक होतं. त्यातल्या कुणाला चष्मा कपाळावर ढकलण्याची ही पद्धत सुचलेली नव्हती.

माझी त्यांच्याशी खरी ओळख झाली ती माझ्या फजितीतून. वाचनालयाचा संगणक इतका हळू झाला होता, की पुस्तकाचं नाव शोधायला टाकून मी पुस्तक कपाटातून काढून आणत असे. समितीने दुरुस्तीला पैसे मंजूर केले आणि मी नागपूरला जाऊन एक नवाकोरा प्रोसेसर घेऊन आलो. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू, एवढं वाचलेलं होतं. मेंदू चांगला घेतला की झालं, असा माझा समज.

नळाला हात लावून मी डबी टेबलावर ठेवली. मॅडमनी ती उघडली, चिप कडेने धरली, उलटी केली आणि मिचमिच्या डोळ्यांनी पाहिली.

"हे कायले आणलं?"

"वेगवान आहे," मी म्हणालो.

"असू द्या ना. बसवता कुठं? तुमचा मदरबोर्ड पाह्यला होता का आनाच्या आंधी?"

"बसेल ना त्यात?"

चष्मा कपाळावर गेला. मग त्यांनी मला समोर बसवून तो पाठ दिला, जो पुढे मी त्यांना शेकडो लोकांना देताना ऐकला. मदरबोर्ड म्हणजे घर आणि प्रोसेसर म्हणजे त्यात राहायला येणारा माणूस. प्रोसेसरच्या पोटाला टाचण्या असतात, बोर्डाला तेवढीच भोकं. चारशे अठ्ठ्याहत्तर टाचण्यांना चारशे अठ्ठ्याहत्तर भोकं. एक कमी नाही, एक जास्त नाही. टाचण्या जुळल्या तरी बोर्डाला त्या प्रोसेसरचा वेग पेलला पाहिजे. वेग पेलला तरी बोर्डाला वीज पुरवणारी चार तारांची वेगळी जोडणी डब्यात असली पाहिजे. "आंधी घर पाह्यचं, भाऊ. मंग पाहुना बलवाचा. तुमी पाहुना घेऊन आले अन् घरच नाई."

"म्हणजे पत्रिका जुळवण्यासारखंच," मी म्हणालो.

"पत्रिका आमी मानत नाई," त्या म्हणाल्या. "टाचन्या मोजतो."

मी प्रोसेसर परत करून आलो. पुढच्या आठवड्यात मॅडमनी स्वतः यवतमाळहून बोर्ड आणि प्रोसेसर एकत्र, दुकानातच एकमेकांत बसवून, चालू करून आणले. वाचनालयाचा संगणक धावू लागला. पुस्तकं शोधणारे वाचक मात्र तेवढेच राहिले.

ही कापसाची वाईट वर्षं होती. बोंडअळी, भाव, पाऊस यांपैकी काय जास्त वाईट, यावर चर्चा करायला मुंबई-दिल्लीहून गाड्या येत. गाड्यांतून उतरणारी माणसं सज्जन असत आणि एकच प्रश्न विचारत. त्यांच्या वह्या भरत. वाचनालयात येऊन ती मला 'या विषयावरचे संदर्भ' मागत, मी देत असे. त्याच काळात मॅडमच्या हजेरीपटात एक बदल झाला. एखादी मुलगी चार-सहा दिवस आली नाही की त्या पूर्वी लाल शाईने 'गै' लिहीत. त्या वर्षांत त्यांनी ते सोडलं. चौकट कोरी ठेवत. मुलगी परत आली की काही न विचारता तिला मशीन देत, आणि त्या दिवशी तिच्या चुका मोजत नसत.

अशा कोऱ्या चौकटी सर्वांत जास्त कविता राठोडच्या नावापुढे होत्या. कविता पंचविशीतली, जवळच्या तांड्यावरची. नवरा पंचायत समितीत शिपाई होता, तो गेल्यावर त्याच्या जागी हिला घेतलं. घरी दोन मुलं आणि सासू. नोकरीला एक अट होती. ठरलेल्या मुदतीत सरकारी संगणक परीक्षा पास झाल्याचा कागद दिला नाही, तर नेमणूक रद्द. कागदावर ती न अडखळता सही करत असे, पण कीबोर्डसमोर बसली की तिची दोनच बोटं पुढे येत.

"दोन बोटांनी भाकर थापते का तू?" मॅडम विचारायच्या.

"भाकर दोन्ही हातांनी थापते जी. पन हे बटनं लय लहान हायत."

"लहान हायत म्हनूनच दहा बोटं देल्ली. उचल."

परीक्षा मॅडमच्याच केंद्रात व्हायची होती. कवितासह बावीस जणींचे अर्ज त्याच केंद्रावर भरलेले. आणि तेवढ्यात वरून पत्र आलं, की परीक्षेची नवी प्रणाली जुन्या संगणकांवर चालणार नाही. दहा नवे वेगवान संगणक तपासणीच्या दिवशी चालू स्थितीत दिसले तरच केंद्राची मान्यता टिकेल. केंद्र गेलं तर अर्ज बाद, आणि पुढची परीक्षा सहा महिन्यांनी. कविताची मुदत त्याआधीच संपत होती.

पण पत्राच्या पाठोपाठ दुसरी बातमी आली. संकटग्रस्त जिल्ह्यासाठी एक उत्थान योजना आली होती आणि तीत संगणक केंद्रांना सुटे भाग मोफत मिळणार होते. दारव्ह्याला मदरबोर्ड आणि प्रोसेसर. जुन्या डब्यांत ते बसवले की संगणक नवे. मॅडमनी जमवलेले पैसे रॅम आणि वीजपुरवठ्याचे डबे घेण्यात घातले आणि समारंभाची वाट पाहिली.

समारंभ बाजार समितीच्या आवारात झाला. कापूस ठेवायचं मोठं शेड त्या हंगामात रिकामंच होतं, त्यामुळे मांडवाचा खर्च वाचला. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले आणि त्याची भरपाई म्हणून दीड तास बोलले. "संगणक हा उद्याच्या शेतकऱ्याचा नांगर आहे," ते म्हणाले. माझ्या मागून कुणीतरी विचारलं, "अन् बैल कोनता?" त्याला गप्प बसवण्यात आलं.

मॅडमना मंचावर बोलावून हार घातला, हातात एक बंद खोकं दिलं आणि फोटो काढला. इतर मंडळी अशा वेळी खोकं छातीशी धरून खाली उतरतात. मॅडम उतरल्या नाहीत. त्यांनी खोकं मंचावरच्या टेबलावर ठेवलं, शेडच्या लोखंडी खांबाला हात लावला, अंबाड्यातला आकडा काढला आणि पाहुण्यांचं भाषण चालू असताना खोकं फोडायला घेतलं.

योजनेचे समन्वयक धावत आले. "मॅडम, नंतर, नंतर."

"पाहून घेऊ द्या, साहेब."

"बरोबरच असेल हो सगळं."

त्या शब्दावर मी मंचाखालून मॅडमच्या चष्म्याकडे पाहिलं. तो कपाळावर गेला होता. त्यांनी एकेक पाकीट उचलून मोजलं. मग त्या समन्वयकांना जे म्हणाल्या, ते पाहुण्यांनी पाणी प्यायला घेतलेल्या त्या क्षणी ध्वनिक्षेपकावर सगळ्या शेडला ऐकू गेलं.

"साहेब, याच्यात वीस घरं हायत. मानूस एक बी नाई."

शेडमध्ये जी शांतता पसरली तिचा संगणकाशी संबंध नव्हता. पाहुण्यांनी पेला खाली ठेवला. समन्वयक घाईघाईने म्हणाले, "नग किती आहेत?"

"वीस."

"मग बरोबर आहे. दारव्हा वीस नग, उमरखेड वीस नग. कुणावर अन्याय नको म्हणून समसमान वाटप केलंय."

उलगडा असा होता. दोन केंद्रांसाठी वीस बोर्ड आणि वीस प्रोसेसर आले होते, म्हणजे एकूण चाळीस नग. ते समसमान वाटले. सगळे बोर्ड दारव्ह्याला, सगळे प्रोसेसर उमरखेडला.

दोन दिवसांनी मॅडम दहा बोर्ड घेऊन उमरखेडला निघाल्या. ओझं होतं म्हणून मी सोबत गेलो. एस.टी.त त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि दिग्रस, पुसद करत उमरखेड येईपर्यंत एक हात समोरच्या दांडीवर ठेवला. उमरखेडचं केंद्र एक निवृत्त गुरुजी चालवत. त्यांनी वीस डब्या कुलपाच्या कपाटात ठेवल्या होत्या. आदल्याच दिवशी दसऱ्याला त्यांची पूजाही केली होती, प्रत्येक डबीवर कुंकवाचं बोट होतं.

"मला देता येणार नाही, बाई," गुरुजी म्हणाले. "रजिस्टरला वीस नग लागलेत. उद्या तपासणी झाली तर?"

"दहा देऊन दहा घ्या. किती होते?"

गुरुजींनी मनात हिशेब केला. "वीसच होतात की!" त्यांचा चेहरा उजळला. कुलूप निघालं.

मॅडमनी खिडकीच्या गजाला हात लावून पहिली डबी उघडली. चिप कडेने धरली. उलटी केली. मग बराच वेळ ती तशीच धरून ठेवली.

"काय झालं?" मी विचारलं.

"याले टाचन्याच नाईत."

चिपचं पोट सपाट होतं. त्यावर नुसते सोनेरी ठिपके. ही पुढच्या पिढीची जात होती. तीत टाचण्या बोर्डालाच असतात, त्याही सातशे पंच्याहत्तर. आणि आमचे बोर्ड जुन्या जातीचे, चारशे अठ्ठ्याहत्तर भोकांचे. दोन्हींची जन्मात कधी गाठ पडणार नव्हती. गुरुजींनी चिप आणि बोर्ड यांच्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि जड आवाजात सुचवलं, "जोर लावून दाबलं तर?"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी चिप डबीत ठेवली, कुंकू पुसू नये अशा बेताने झाकण लावलं आणि गुरुजींना नमस्कार केला.

परतताना पुसदच्या स्टँडवर त्यांनी चहा घेतला नाही. गाडी निघाल्यावर म्हणाल्या, "पाठवाच्या आंधी कोनी एकानं एकाले एक लावून पाह्यलं असतं, भाऊ. एकच."

"त्यांना वाटलं असेल, बसत असेल."

"हो. असन." हा शब्द त्यांच्या तोंडून मी असा प्रथमच ऐकला. त्यात राग नव्हता, थकवा होता. "कवितेले काय सांगू? नग बरोबर हायत म्हनून सांगू?"

दारव्हा जवळ आलं तशी रस्त्याच्या कडेला कापसातली सरकी काढणारी एक जिनिंग लागली. फाटक बंद, आवारात गवत. मागच्या हंगामात ती उघडलीच नव्हती. मॅडम मान वळवून, ती मागे पडेपर्यंत तिच्याकडे पाहत राहिल्या.

"याच्या कचेरीत कंप्युटर होता," त्या म्हणाल्या. "मीच बसवला. चारशे अठ्ठ्याहत्तरवाला."

बंद पडलेल्या जिनिंग आणि बियाण्यांची दुकानं यांची आसपास वानवा नव्हती. त्यांच्या कचेऱ्यांतले संगणक मॅडमनीच कधीतरी बसवलेले. विजेच्या चढउताराने त्यांचे बोर्ड जळलेले किंवा फुगलेले, म्हणून ते तसेच पडून होते. पण बोर्ड मेला म्हणून त्यातला प्रोसेसर मरतोच असं नाही. इकडे माणसं नसलेली वीस घरं, आणि तिकडे पडक्या घरांत अडकलेली जिवंत माणसं. मॅडमनी मालकांना फोन केले. सगळ्यांनी 'न्या' म्हणून सांगितलं. 'परत करा' म्हणून कुणी सांगितलं नाही.

पहिल्या जिनिंगमध्ये मी त्यांच्याबरोबर होतो. कचेरीचं दार एका म्हाताऱ्या चौकीदाराने उघडलं. संगणकाचा डबा उघडला तर आत पंख्याच्या जागी पांढरा गोळा होता. वर्षानुवर्षं उडालेली रुई पंख्याने आत ओढून गच्च बसवली होती. मॅडमनी ती रंगाच्या ब्रशने हळूहळू सोडवली. ओंजळभर निघाली. त्यांनी ती फेकली नाही, टेबलावर एका बाजूला ठेवली. मग खटका उचलून प्रोसेसर काढला, पाठीवरचा सुकलेला पांढरा मलम पुसला आणि टाचण्या मोजल्या.

चौकीदार मान उंच करून पाहत होता. "मॅडम, हे मशीन चालू झालं का जिनिंग बी चालू होईन?"

"नाई बावा. हे पोरींची परीक्षा घेईन फकस्त."

"तेई बरंच हाय," तो म्हणाला, आणि टेबलावरची रुई उचलून खिशात घालून गेला.

अकरा प्रोसेसर जमले. दोघांना बोर्डाने ओळखच दाखवली नाही. एकाच्या टाचण्या एका बाजूला झोपल्या होत्या. ती बाजू मॅडमनी वाचनालयाच्या खिडकीत, दुपारच्या उजेडात उभी केली. शिसं काढलेल्या खटक्याच्या पेन्सिलीचं पोकळ टोक एकेका टाचणीवर घालायचं आणि केसाएवढं वाकवायचं. मी भिंग धरून होतो. मधेच माझा हात हलला. "भाऊ, जीव गेला तरी हात नाई हालवाचा," त्या म्हणाल्या. दोन तासांनी ती चिप बोर्डात आपल्या वजनाने बसली. जोर लावावा लागला नाही.

नऊ झाले. दहावा कुठून आणायचा, हे मॅडम बोलल्या नाहीत. वाचनालयाचा संगणक चारशे अठ्ठ्याहत्तरवालाच होता, हे त्या विसरल्या असतील असं मानायला मी तयार नाही. पण त्यांनी मागितला नाही. मी दोन दिवस विचार केला. नियमाप्रमाणे समितीची सभा, ठराव, अनुमोदन. तिसऱ्या दिवशी मी नळाला हात लावून डबी त्यांच्या टेबलावर ठेवली. आमच्या वाचनालयाच्या इतिहासात ठरावाशिवाय झालेलं ते एकमेव काम. मॅडमनी डबी उघडली, चिप उलटी केली आणि टाचण्या मोजल्या. माझ्यावर त्यांचा विश्वास होता, पण मोजल्याच.

तपासणीला आलेले साहेब टाय लावून आले होते. उंबऱ्यावर मॅडमनी नळ दाखवला.

"मी पूजेला आलेलो नाही," साहेब म्हणाले.

"मी बी पूजा करत नाई. हात लावा जी, मंग या."

साहेबांनी दोन बोटं लावली. दहाही मशिनं सुरू होती. नवी प्रणाली दहाहींवर उघडली. मॅडमच्या मागे कविता भिंतीला टेकून उभी होती, पदराचं टोक दोन्ही मुठींत. साहेब खुश दिसले. मग त्यांनी योजनेची यादी काढली.

"दारव्ह्याला वीस मदरबोर्ड. बरोबर. प्रोसेसर तर तुम्हाला दिलेच नाहीत."

"नाई देल्ले."

"मग हे दहा आले कुठून?"

मॅडमनी खरं ते सांगितलं. चार जिनिंग, एक बियाण्याचं दुकान, एक वाचनालय. साहेबांनी टाय सैल केला. माणूस वाईट नव्हता, हे नोंदवलं पाहिजे. ते म्हणाले, "मॅडम, योजनेच्या बोर्डात बाहेरचा भाग बसवलात. नियमात बसत नाही. दोन मार्ग आहेत. सगळं जसं होतं तसं वेगळं करून ठेवा. मी चौकशी प्रलंबित लिहितो. सहा महिन्यांत योग्य प्रोसेसर येतील, केंद्र टिकेल. नाहीतर या सत्रापुरती तात्पुरती मान्यता देतो. परीक्षा होईल. पण नंतर केंद्र कायमचं रद्द."

मॅडमनी चष्मा काढून पदराने पुसला. अठरा वर्षं त्यांनी ती संस्था चालवली होती. त्यांनी भिंतीकडे पाहिलं नाही. कविताकडेही पाहिलं नाही.

"योग्य प्रोसेसर येतीन म्हंता," त्या म्हणाल्या. "येतीन का येतीन असन?"

साहेबांनी यादीची घडी घातली.

"हे सत्र द्या," मॅडम म्हणाल्या आणि सहीसाठी पेन उचललं.

परीक्षा झाली. बावीसपैकी एकोणीस पास झाल्या, कविता काठावर. ती पेढे घेऊन आली तेव्हा मॅडम दहा मशिनं उघडून बोर्ड सुटे करत होत्या. "याडी म्हने, मॅडमले पयला पेढा," ती म्हणाली. तिच्या बोलीत याडी म्हणजे आई. तिची आई तांड्यावरून सोबत आली होती आणि नळाला हात लावून दारातच बसली होती. मॅडमनी पेढा घेतला. "कोनत्या बोटानं दाबलं एन्टर?" त्यांनी विचारलं. कविताने उजवी करंगळी वर केली. एवढंच त्यांचं कौतुक.

वीस बोर्ड योजनेकडे परत गेले आणि 'वीस नग सुस्थितीत प्राप्त' अशी पावती आली. प्रोसेसर मॅडमनी ज्याचे त्याला नेऊन दिले, बंद जिनिंगच्या चौकीदारांनासुद्धा. माझा प्रोसेसर पुसून, स्पंज लावून परत आला. पुढे त्या खोल्यांत झेरॉक्स आणि अर्ज भरून देण्याचं काम चालू राहिलं. नळाचा नियम झेरॉक्सलाही लागू होता. का, असं कुणी विचारलं नाही.

त्यांना तिथे शेवटचं पाहिलं ते रस्ता रुंदीकरणाच्या वेळी. त्या दुसऱ्या दिवशी मुलीकडे वर्ध्याला जायच्या होत्या. मोजणीच्या खुणेप्रमाणे दर्शनी भिंत पाडायची होती, 'क'सकट. मॅडम छत्री धरून रस्त्याच्या पलीकडे, वाचनालयाच्या पायरीवर माझ्या शेजारी उभ्या होत्या. एकेक वीट पडत होती. कवितासुद्धा कचेरीतून सुटून आली होती. ती आता कायम झाली होती आणि दहा बोटांनी टाइप करत होती.

"पंधरा वर्षांत एक चिप मेली नाई या नळामुळं," मॅडम म्हणाल्या. मी मान डोलावली. हे खरंच होतं. मी स्वतः त्या काळात हजारदा तरी त्याला हात लावला असेन.

भिंत आडवी झाली. मजुराने नळ दोन्ही हातांनी धरून ओढला आणि तो अपेक्षेपेक्षा सहज निघून हातात आला. मजूर इकडेतिकडे पाहत रस्ता ओलांडून आमच्याकडे आला. "मॅडम, हा ठेवाचा का?"

मॅडमनी छत्री माझ्याकडे दिली, चष्मा कपाळावर ढकलला आणि नळ हातात घेऊन उलटा केला.

पाइप दीड फुटाचा होता. दुसऱ्या टोकाला लाकडी गुट्टी ठोकलेली होती.